तीन वेढे

बुंध्यामागच्या जमिनीला भेग पडली होती. परवा तिच्यात करंगळी जात होती, काल अंगठा गेला. आज सकाळी तिने चार बोटं घातली तर ती पार मुळाला टेकली, आणि आतली गार, ओली हवा हाताला लागली. अकरा दिवस झड लागून राहिली होती. आता आभाळ मोकळं झालं होतं, पण माती अजून पाणी धरून होती आणि निलगिरी रोज थोडी थोडी वाकत होती. म्हातारं माणूस बोलता बोलता पेंगायला लागतं, तशी.

वाकत होती ती नेमकी लिंबोण्यांवर. चार लिंबोण्या, एका ओळीत. दर आठवड्याला दोन टोपल्या लिंबं बाजारातल्या खानावळींना जायची आणि तेवढ्यावर एका माणसाचं नीट भागायचं. तिच्या घरात माणूस एकच होतं.

चारही झाडांना तांब्या तांब्या पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हा तिचा नेम होता. झडीतही डोक्यावर पोतं घेऊन तिने तो पाळला. शेजारच्या शिंप्याचं पत्र्याचं दुकान कुंपणाला लागूनच होतं. तो खिडकीतून म्हणाला होता, "मावशी, वरून देव एवढं ओततोय, त्यात तुमचा तांब्या कशाला?"

"ते त्याचं, हे माझं," ती म्हणाली होती.

आज शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. हात मागे बांधून त्याने वर पाहिलं.

"रोज वाकतंय हो. उजवीकडे वाकलं असतं तर माझ्या पत्र्यावर आलं असतं. तुमचं झाडसुद्धा भिडस्त आहे, मावशी. शेजाऱ्याला त्रास नको म्हणून घरच्यांच्याच अंगावर पडतंय."

ती हसली नाही. स्टँडजवळच्या करवत मशीनवाल्याला तिने कालच आणून झाड दाखवलं होतं. खिशातले हात बाहेर न काढता त्याने झाडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "पाडून देतो. लिंबोण्यांची हमी नाही."

"लिंबोण्यांसाठीच तर पाडायचंय."

"मग वाऱ्याला सांगा, जरा बेताने ये म्हणून."

जागा नव्हती असं नाही. उजव्या अंगाला शिंप्याचं दुकान, समोर लिंबोण्या. पण डाव्या अंगाला भाजीचा वाफा होता. सध्या मोकळा, गाडी जाईल एवढा रुंद. झाड समोर न जाता डावीकडे वळून त्या पट्टीत पडलं तर कुणाच्याच फांदीला धक्का नव्हता. पण वाकलेलं झाड वळवून पाडायचं काम साऱ्या पंचक्रोशीत दोनच माणसांना येत होतं. दोघं भाऊ. थोरला तिचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

"घरचा माणूस असताना बाहेरचे कशाला शोधता?" शिंपी म्हणाला.

ती तांब्या उचलून आत गेली.

*

दिराचं घर तीन गल्ल्या पलीकडे. चार वर्षांत तिचा पाय तिकडे वळला नव्हता. धाकटी जाऊ दारातच भेटली. आधी दचकली, मग पदराने हात पुसत म्हणाली, "ताई! अगंबाई, या. बसा. पाणी आणते. नाही, आधी बसा."

दीर मागच्या पडवीत करवतीला कानस मारत बसला होता. कानस थांबली, पण मान वर झाली नाही.

तिने उभ्यानेच सांगितलं. सांगताना ती भिंतीकडे बघत होती. भिंतीवर खुंटी होती आणि खुंटीला दोराचं वेटोळं.

झाडं पाडणाऱ्यांत रीत अशी, करवत कापणाऱ्याची आणि दोर धरणाऱ्याचा. दोर राहायचा तोही धरणाऱ्याच्याच घरी; कारण रोज संध्याकाळी तो सगळा हाताखालून घालून बघावा लागतो, कुठे कातरलाय, कुठे कुजलाय. आपल्या हाताने न बघितलेल्या दोरावर कुणी कुणाचा जीव टांगत नाही. सव्वीस वर्षं हा दोर तिच्या घरात होता. लोक तिला दोरवालीच म्हणायचे. अंगाने काटकुळी बाई खुंटाला तीन वेढे घेऊन बैलाच्या वजनाची फांदी अधांतरी धरून ठेवते, हे बघायला माणसं थांबत. कुणीतरी नवऱ्याला विचारायचं, "तुलाही तीन वेढ्यांतच ठेवलंय का रे?" तो म्हणायचा, "दोनच. तिसरा तिने दयेपोटी काढला."

तो गेल्यावर तेराव्या दिवशी दीर आला होता. काही न बोलता अंगणातल्या भिंतीवरचा दोर खांद्यावर टाकून घेऊन गेला. काय समजायचं ते ती समजली होती.

"भेग किती आहे, विचार," दीर बायकोला म्हणाला.

जावेने दोघांकडे पाहिलं. "त्या इथंच उभ्या आहेत की."

"विचार."

"चार बोटं," ती म्हणाली.

"मुळं वाजतात का वाऱ्यात?"

"मी काय टपालपेटी आहे का?" जाऊ म्हणाली. "ताई, वाजतात का हो मुळं?"

"कालपासून वाजतात."

कानस पुन्हा सुरू झाली. करवतीचे दोन दात घासून झाल्यावर तो म्हणाला, "तिला सांग, उद्या येतो."

जाऊ तिला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली. "यांचे दोन गडी आहेत हल्ली, दोरावर तेच असतात. तुम्ही काळजी करू नका." मग जरा थांबून, हळूच म्हणाली, "तुम्ही आलात ते बरं झालं. घरात कुणी बोलत नाही हो ताई. जेवतात, उठतात, कानस घेऊन बसतात. तुम्ही एकट्या आहात ते दिसतं तरी."

*

सकाळी तो आला तो एकटाच. खांद्यावर शिडी, हातात आडवी करवत, पाठीवर पिशवी. पिशवीत पाचरी आणि घण. काखेत दोर.

शिंपी खिडकीतच होता. "मशीन नाही आणलं?"

"आवाज होतो."

"आणि गडी?"

"दुसरीकडे गेलेत."

झाडाभोवती तो बराच वेळ फिरला. भेगेत हात घालून बघितला. ओळंबा डोळ्यासमोर धरून वाकण बघितली. आधी एका जुन्या जाड दोराने त्याने झाड मागच्या बाजूच्या दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला जखडून टाकलं, मगच शिडी लावली. मग काखेतला दोर काढला, वेटोळ्यातून एक टोक मोकळं केलं आणि तिच्या पायाशी टाकलं. दुसरं टोक कमरेला बांधून शिडी चढायला लागला.

ती त्या टोकाकडे बघत राहिली.

"गडी कुठले दुसरीकडे?" शिंपी कुंपणावरून पुटपुटला. "आत्ता चहाच्या दुकानात बसलेत दोघंही. मीच बघून आलो."

तिने ते ऐकलं. खाली वाकून टोक उचललं. अंगणाच्या कडेला जुन्या झाडाचा गुडघाभर खुंट होता, त्याला एक वेढा घेतला. दुसरा. तिसरा घेताना हात थांबला.

कामाचे शब्द चारच होते. धर. दे. थांब. पळ. नवऱ्याने ते तिच्याकडून आणि दिराकडूनही घोटून घेतले होते, पोरांकडून पाढे घोटावेत तसे. 'दे' म्हणजे दोर हळूहळू ढिला करायचा. 'धर' म्हणजे जिथल्या तिथे. पाचवा शब्द काढायचा नाही, आणि कामात 'नको' तर मुळीच नाही. "आपल्या बोलण्यात 'नको' सगळ्यात शेवटी येतं," तो म्हणायचा. "झाड वाक्य संपायची वाट बघत नाही."

चार वर्षांपूर्वी त्या दिवशी फांदी खाली येता येता अडकली होती. नवरा ती मोकळी करायला खाली शिरला. दीर वर होता. त्याने वरून पाहिलं आणि ओरडला. तिने ऐकलं, "वहिनी, सोड." तिने सोडला.

दवाखान्यात विचारलं तेव्हा ती म्हणाली, हातातून सटकला. दीर शेजारीच उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पुढे रात्र रात्र जागून तिने ते ओरडणं पुन्हा ऐकलं होतं. सोड असं तो का म्हणेल? सख्ख्या भावावर? तो म्हणाला असणार 'सोडू नको'. म्हणजे पाप आपल्या हातांचं. आणि त्याला ते ठाऊक आहे, म्हणून तो दोर घेऊन गेला.

"धर," वरून आवाज आला.

तिने तिसरा वेढा घेतला, टोक मुठीत आवळलं आणि टाचा मातीत रोवल्या.

*

लिंबोण्यांच्या बाजूच्या तीन जड फांद्या आधी उतरवायच्या होत्या. झाड तेवढं हलकं झालं की वळायला सोपं. कमरेचं टोक त्याने फांदीला बांधलं; दोर वरच्या बेचक्यातून खाली येत होता. करवत चालायला लागली की भुसा खाली भुरभुरायचा आणि निलगिरीचा उग्र वास नाकात भरायचा. पहिली फांदी तुटली तेव्हा दोराने असा हिसका दिला की तिचे खांदे पुढे गेले. पण वेढ्यांनी वजन खाल्लं. फांदी लिंबोणीच्या शेंड्यापासून हातभर वर झुलत राहिली.

"दे."

तिने दोर बोटांतून जाऊ दिला. वेढे कुरकुरत फिरले.

"दे. दे. धर."

फांदी फिरली, तिचा बुडखा वाफ्याकडे आला.

"दे."

फांदी दोन लिंबोण्यांच्या मधून, एखादी जाडजूड बाई गर्दीतून अंग चोरून वाट काढते तशी खाली उतरली. शिंप्याने खिडकीतून "वा!" म्हटलं. दोघांपैकी कुणी तिकडे बघितलं नाही.

हात आठवत होते, कातडी विसरली होती. दुसऱ्या फांदीला तिच्या तळव्याला फोड आला, तिसऱ्या फांदीला तो फुटला. तिने पदराचं टोक फाडून तळव्याला गुंडाळलं. वरून त्याने ते पाहिलं. फांदीवर तसाच बसून राहिला, तिची गाठ मारून होईपर्यंत. मग म्हणाला, "धर."

दुपारी तिने ताट वाढून पायरीवर ठेवलं आणि आत गेली. तिला भिंतीआडून ऐकू येत होतं, तो जेवत होता. पाण्याचा तांब्या दोनदा वाजला. एकदा वाटलं, काहीतरी बोलला. ती दाराशी आली.

"काही हवंय, भावोजी?"

चार वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला हाक मारली होती.

"मीठ," तो म्हणाला.

तिने मिठाची वाटी नेऊन ठेवली. त्याच्या ताटात मीठ तसंच होतं, वाढलेलं. त्याने त्याकडे पाहिलं, तिने पाहिलं. तो गडबडीने उठला आणि हात धुवायला गेला.

*

उन्हं कलायच्या आत झाड पाडायचं होतं. संध्याकाळी वारा सुटायचा.

त्याने दोर उंचावर बांधला आणि तो घराकडच्या त्याच खुंटाला आणला, वाकणीच्या उलट बाजूला. वाफ्याच्या अंगाला बुंध्यावर खाच पाडली. झाडाने तिकडे तोंड करावं म्हणून. मग पाठीमागून, दुकानाच्या बाजूने, करवत धरली. घराकडच्या अंगाला त्याने चार बोटं लाकूड न कापता राखलं होतं. दाराला बिजागरी असते तशी ती लाकडाची बिजागरी. झाड तिच्यावर फिरायचं होतं. आणि फिरेपर्यंत ते पुढे लिंबोण्यांवर जाऊ द्यायचं नाही, ते काम दोराचं. तिचं.

शिंप्याने दुकानातली दोन्ही मशीनं बंद केली आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. जखडलेला जुना दोर दिराने काढून टाकला. तो राहिला असता तर झाड फिरलंच नसतं.

करवत चालू झाली. खर्र, खर्र. मध्येच त्याचा श्वास. पाठीवर घामाचा काळा नकाशा. भुसा पायावर साठत होता, आधी पांढरट, मग लालसर.

मग कुठूनतरी आत, खोल, लाकूड कण्हलं.

शेंडा हलला. पण वाफ्याकडे नाही. लिंबोण्यांकडे, वीतभर. दोर ताठ झाला, तारेसारखा वाजला. खुंटाची साल वेढ्यांखाली चिरडली. तिच्या टाचा मातीत चर पाडत पुढे सरकल्या. करवत फटीत अडकून बसली.

दोराने झाड धरलं होतं, पण वळवायला पाचर लागणार होती. आणि पाचर ठोकायची जागा होती पलीकडे, लिंबोण्यांच्या बाजूला. वाकणीच्या खाली.

त्याने पाचर आणि घण उचलला. क्षणभर उभा राहिला. तिला त्याचं तोंड दिसलं. पन्नाशीच्या माणसाचं ते तोंड नव्हतं. चुकलेल्या पोराचं होतं. मग तो झाडाखाली शिरला. तोच माणूस नव्हता, झाड तेच नव्हतं, पण दोर तोच होता.

त्याने पाचर टेकवली. घण उचलला. वरती काहीतरी तडकलं आणि तो ओरडला. कामाचा शब्द नाही. भीतीत माणसाच्या तोंडी येतं, ते आलं.

"वहिनी, सोडू..."

वाऱ्याची झुळूक आली. पानं सळसळली. पुढचं ऐकू आलं नाही.

मुठी उघडायला एवढंच पुरलं होतं मागच्या वेळी. आताही बोटं आपोआप उकलायला निघाली. सव्वीस वर्षांची सवय, शब्दाबरोबर हालणारी. तिने ती मिटली. फुटलेल्या फोडावर दोर घासला, डोळ्यांत पाणी आलं. तिने देवाचं नाव घेतलं आणि वाक्य संपायची वाट पाहिली.

"...नको! नको, वहिनी!"

"नाही सोडत," ती म्हणाली. ओरडली नाही. त्याला ऐकू गेलं असेल की नाही, कोण जाणे.

घण पडला. एक. दोन. तिसऱ्याला पाचर बुडाली. झाड लिंबोण्यांवरून मागे आलं, जरा थांबलं, विचार करत असल्यासारखं. मग बिजागरीवर फिरलं.

"दे!" तो बाहेर पळत ओरडला. "दे, दे, दे..."

तिने दिला. दोर तळव्यातून सुटत गेला आणि झाड वाफ्यात आडवं झालं. जमीन हादरली. शिंप्याच्या पत्र्यावरची धूळ उडाली. वाळल्या सालीचे लांब तुकडे बराच वेळ हवेत फिरत राहिले.

चारही लिंबोण्या उभ्या होत्या. कडेच्या लिंबोणीची एक डहाळी तेवढी मोडली होती. तिला सात कच्ची लिंबं होती.

*

शिंपी येऊन बघून, डोक्याला हात लावून, "मावशी, तुम्ही देवच," असं म्हणून पुन्हा दुकानात गेला. मशीन सुरू झालं. तेव्हा कुठे दीर पडलेल्या बुंध्यावर बसला.

ती खुंटाशी उभी होती. वेढे काढायचे तिला सुचलं नव्हतं.

"पुन्हा तेच म्हणालो," तो म्हणाला. जमिनीकडे बघत. "दादाने शंभरदा सांगितलं होतं. नको म्हणायचं नाही. धर म्हण. एवढा एक शब्द. तेव्हाही म्हणालो आणि आजही."

"मला तेव्हा अर्धंच ऐकू आलं, भावोजी."

"अर्धंच ओरडलो असेन. उरलेलं माझ्या घशात राहिलं की हवेत गेलं, मला माहीत नाही. चार वर्षं आठवतोय." त्याने तोंडावरून हात फिरवला. तळव्याचा भुसा गालाला लागला. "दवाखान्यात तू म्हणालीस, हातातून सटकला. सगळं आपल्यावर घेतलंस. मी गप्प राहिलो. खरं सांग, मी तुझ्या दारात कोणत्या तोंडाने यायचं होतं?"

"मला वाटलं, म्हणूनच तुम्ही दोर नेलात. माझ्या हाती पुन्हा नको म्हणून."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "तुला तो रोज डोळ्यासमोर नको, म्हणून नेला."

बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं असं नाही. पण ज्याच्याशी दोघांनाही बोलायचं होतं, तो तिसरा नव्हता.

मग तो उठला. करवत पुसली, पाचरी मोजून पिशवीत टाकल्या. फांद्या उद्या गडी येऊन तोडून देतील म्हणाला. शिडी खांद्यावर घेतली आणि निघाला. तो फाटकापाशी पोचला तेव्हा तिला दोर दिसला, खुंटाशी पडलेला.

"भावोजी, दोर राहिला."

तो वळला नाही. "राहू दे," म्हणाला. आणि गल्लीत गेला.

उजेड अजून होता. निलगिरीची सळसळ इतकी वर्षं तिच्या घरात चोवीस तास असायची; ती आता नव्हती, आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक अंगणापर्यंत ऐकू येत होती. तिने मोडकी डहाळी उचलून सातही लिंबं ओच्यात घेतली. भिंतीवर रिकाम्या खुंटीखाली दोराने पाडलेला गोल डाग होता. चुना देताना तिने तो दरवर्षी तसाच राखला होता.

मग ती पायरीवर बसली आणि दोर हाताखालून घालायला लागली. वीत वीत. दीर उजव्या हाताचा, ती डावखुरी. चार वर्षं उलटं वेटोळं होऊन होऊन दोराला उलटा पीळ बसला होता. तिच्या हातात तो सरळ राहीना, सारखा आपल्या बाजूने वळायचा. असा पीळ एका दिवसात जात नाही. तिने एक टोक खुंटाला बांधलं, दुसरं हातात घेतलं, आणि अंगणाच्या त्या टोकापर्यंत एकटीच चालत गेली, दोर ताणून धरत.